लेकरू कशानं गेलं, हे विचारायचंच

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाली आणि नेहमीप्रमाणे आमची आरोग्याची बैठक बसली. शेवटच्या रांगेत एक तरुण आई भिंतीला टेकून बसली होती. तिची चौदा महिन्यांची मुलगी दीड महिन्यापूर्वी गेली. आधी ताप, मग अंगावर पुरळ, मग धाप, मग धावत दवाखाना, आणि तिथं तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण बायांची कुजबुज तिला ऐकू जात होती. एक म्हणाली, "करोना गेलाच नाही, तो पोरांच्या अंगात बसलाय." दुसरी म्हणाली, "करोनाची लस आली तेव्हापासून हे सुरू झालंय." एक आजी म्हणाल्या, "नजर लागली असेल, पोरगी गोरीगोमटी होती."

शेवटी ती आईच बोलली, "ताई, मला दुसरं काही नको. माझी पोरगी कशानं गेली, एवढंच सांगा."

आमच्यापैकी काहीजणींनी वीस-वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. तरी त्या दिवशी आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न घेऊन आम्ही कामाला लागलो. तिचे कागद पाहिले आणि जगात, देशात काय मोजलं गेलं तेही वाचून काढलं. या महिन्याचं आरोग्याचं पान तिच्या प्रश्नासाठी आहे.

करोनानं मुलं गेली का?

गेली, पण मोठ्या माणसांच्या मानानं फार थोडी. यासाठी आधी इंग्लंडचं उदाहरण घेऊ. तिथं २०१९ पासून अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूची एकाच ठिकाणी नोंद होते आणि मूल कशानं गेलं याची चौकशी होते. म्हणून तिथले आकडे भरवशाचे आहेत. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ या करोनाच्या पहिल्या वर्षात तिथं एकूण ३,१०५ मुलं दगावली. त्यांतल्या ६१ मुलांची करोनाची तपासणी पॉझिटिव्ह होती. डॉक्टरांनी एकेकाचा कागद तपासला, तेव्हा खुद्द करोनानं गेलेली मुलं निघाली २५. त्यांतल्या बहुतेकांना आधीपासूनच मोठे आजार होते.

म्हणून कोणी "मुलांना करोनाचं काहीच होत नाही" असं म्हणत असेल, तर तेही खरं मानू नका. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ ते जुलै २०२२ या एका वर्षात वीस वर्षांखालच्या ८२१ मुलामुलींच्या मृत्यूचं कारण करोना होतं. त्या वयातल्या मृत्यूंच्या कारणांत तो आठव्या क्रमांकावर होता.

एक गोष्ट आयांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना पुन्हा जोराचा ताप येतो. डोळे लाल होतात, पुरळ येतं, पोट दुखतं, उलट्या-जुलाब होतात, मूल गळून जातं. डॉक्टर याला मिस-सी म्हणतात. यात हृदयावर ताण येतो, पण वेळेत रुग्णालयात नेलं तर उपचार आहेत आणि बहुतेक मुलं बरी होतात. म्हणून मुलाला तीन दिवसांहून जास्त ताप असेल आणि महिन्या-दीड महिन्यापूर्वी घरात कोणाला ताप-खोकला येऊन गेला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते आपणहून सांगा.

आता लसीचं. आपल्या देशात करोनाची लस आधी पंधरा ते अठरा आणि नंतर बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना मिळाली. बारा वर्षांखालच्या मुलांच्या लसीकरणात ती कधी आलीच नाही. मग दोन वर्षांचं, चार वर्षांचं लेकरू त्या लसीनं गेलं, हे होणार कसं? ही अफवा फिरवणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा.

मग मृत्यू वाढले ते कशानं?

काही देशांत करोनाच्या काळात आणि त्यानंतर मुलांचे मृत्यू खरोखरच वाढले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात ३,७४३ मुलं गेली. टाळेबंदीच्या वर्षापेक्षा हा आकडा सहाशेहून जास्त आहे. टाळेबंदीत शाळा बंद होत्या, मुलं एकमेकांत मिसळत नव्हती, त्यामुळे सर्दी-खोकल्याचे आणि बाकीचे संसर्गही दबले होते. दारं उघडली आणि ते सगळे एकदम परतले. २०२२ च्या हिवाळ्यात तिथं घसा धरणाऱ्या एका जिवाणूनं मोठा धुमाकूळ घातला, त्यातही मुलं गेली. पुढच्या वर्षी एकूण आकडा थोडा खाली आला.

अमेरिकेचं चित्र वेगळं. तिथं २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं एक ते एकोणीस वयातल्या मुलांचे मृत्यू वाढले. अभ्यासकांनी वाढीची फोड केली, तेव्हा २०२० च्या वाढीत करोनाचा वाटा साधारण एक दशांश आणि २०२१ च्या वाढीत एक पंचमांश निघाला. बाकीची वाढ मुख्यतः बंदुकीच्या गोळ्या, अमली पदार्थ आणि रस्त्यावरचे अपघात यांची होती.

करोना होऊन गेल्यावर मुलाची रोगाशी लढायची ताकद कमी होते आणि मग ते दुसऱ्या आजारानं जातं, असंही सांगितलं जातं. यावर संशोधन चालू आहे. पण मुलांचे मृत्यू त्यामुळे वाढले, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

इंग्लंडच्या त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या सगळ्यात गरीब वस्त्यांत मुलांच्या मृत्यूचं प्रमाण सगळ्यात श्रीमंत भागांच्या दुपटीहून जास्त आहे. हे वाचलं आणि आम्हाला आपल्या गल्ल्या आठवल्या.

आपल्या देशात काय झालं?

सरकारच्या नमुना नोंदणीनुसार २०१९ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे ३० बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ झाला, २०२३ मध्ये २५. म्हणजे सरासरी खालीच येत गेली. ही चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

पण सरासरीत आपली वस्ती दिसत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा जातीनुसारही काढला आहे. अनुसूचित जातींच्या घरांत हजारामागे सुमारे ४१ बाळं वर्ष पूर्ण करत नाहीत. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग सोडून बाकीच्या घरांत हा आकडा २८ आहे. एकाच देशात हजारामागे तेरा बाळांचा फरक. हा फरक करोनाच्या आधीही होता. करोनाच्या काळात ज्या सोयी बंद पडल्या, त्यांचा भार याच घरांवर पडला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वस्तीत येणारं लसीकरण थांबलं. सिस्टर आणि आशाताई करोनाच्या कामाला जुंपल्या गेल्या. अंगणवाडीचं दार बंद झालं, मुलांची वजनं घेणं थांबलं. कित्येक कुटुंबं गावाकडं निघाली आणि त्या धावपळीत बाळांची कार्डं हरवली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार पेंटा लसीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं भारतात २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाख झाली आणि २०२१ मध्येही २७ लाख राहिली.

या मुलांना त्या वर्षी काही झालं नाही, कारण सगळेच घरात होते. आजार आला तो नंतर.

गोवंडीत काय घडलं?

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला. मग कुर्ला, मालवणी, पुढे भिवंडी आणि मालेगाव. मुंबई आणि आसपासच्या भागांत मिळून दहाहून अधिक मुलं दगावली. केंद्र सरकारला तज्ज्ञांचं पथक पाठवावं लागलं. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुलं फार होती. दाटीवाटीची घरं, अंगात रक्त कमी, वजन कमी, आणि त्यात लस नाही. गोवराला आणखी काय हवं असतं?

गोवर हा साधा आजार नाही. एका मुलापासून लस न घेतलेल्या शेजारच्या जवळजवळ सगळ्या मुलांना तो लागतो. मूल मरतं ते बहुतेक वेळा पुरळानं मरत नाही. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया, जुलाब आणि मेंदूची सूज ही मृत्यूची खरी कारणं. शिवाय आधीच्या आजारांशी लढायला शरीर जे शिकलेलं असतं, ते गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो. त्यामुळे गोवरातून उठलेलं मूल पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्या आजारांना लवकर बळी पडतं. करोनाबद्दल जी भीती सांगितली जाते, ती गोवराच्या बाबतीत सिद्ध झालेली आहे. आणि गोवराला लस आहे. आपल्या देशाच्या लसीकरणात ती १९८५ पासून आहे. जगभरात २००० ते २०२३ या काळात तिनं सुमारे सहा कोटी जीव वाचवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कार्डावरचा रिकामा चौकोन

आता पुन्हा त्या आईकडे येऊ. बैठकीनंतर आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद काढले. रुग्णालयानं दिलेल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं: हृदय आणि श्वसनक्रिया बंद पडल्यामुळे.

बायांनो, हृदय प्रत्येक मरणाऱ्याचं बंद पडतं. हे कारण झालं नाही. ते बंद कशामुळे पडलं, हे लिहायला हवं, आणि डॉक्टरांना तसंच लिहायला शिकवलेलं असतं. आम्ही तिच्यासोबत रुग्णालयात गेलो, अर्ज दिला, दोन खेपा घातल्या आणि केसपेपरची प्रत मिळवली. आत स्पष्ट लिहिलं होतं: गोवरासारखं पुरळ, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, वजन कमी.

मग बाळाचं कार्ड पाहिलं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेले होते. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा चौकोन रिकामा होता.

का रिकामा? करोनाच्या आधी महिन्यातून एकदा लसीची पेटी वस्तीच्या चौकात यायची. टाळेबंदीत ती बंद झाली. करोना ओसरला, दुकानं उघडली, शाळा उघडल्या, पण ती पेटी काही परत आली नाही. आता लस घ्यायची तर दोन बसथांबे लांब जायचं, सकाळपासून रांग लावायची, म्हणजे एका दिवसाची धुणीभांडी बुडवायची. ती आई तीन वेळा गेली होती. आठव्या आठवड्यात कोणी सांगितलं "पुढच्या महिन्यात या", एकदा साठा संपला होता, आणि नऊ महिन्यांच्या वेळी तिला रजा मिळाली नाही.

तिला आम्ही उत्तर दिलं. तुझी मुलगी गोवरानं गेली, करोनानं नाही. पण करोनात बंद झालेली एक सोय पुन्हा सुरू केली असती, तर ती वाचण्याची मोठी शक्यता होती. यात तुझा दोष नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे थांबवता आलं असतं." होय, थांबवता आलं असतं.

आपल्या घरात करायचं काय?

कार्ड आजच काढून पाहा. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला पेंटा आणि त्यासोबतचे डोस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. दोन्ही झाले तरच संरक्षण पक्कं समजा. तारीख चुकली म्हणून लस वाया जात नाही आणि पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. कार्ड हरवलं असेल तरी जा, नवीन कार्ड मागा. जीवनसत्त्व अ चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, तोही विचारून घ्या.

गोवर आला तर लपवू नका. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव्हारे काढले. पण पोराला गोवर आला की अजूनही काही दारांना कडुलिंब लागतो, "देवी आली" म्हणून पोराला अंधारात ठेवतात, अंघोळ बंद, खाणं कमी. गोवर विषाणूनं होतो. त्याला उपाशी ठेवलं तर तो जास्त बळावतो. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं खायला द्या, पाणी आणि ओआरएस पाजा. पुरळ उठल्यापासून चार दिवस दुसऱ्या मुलांपासून वेगळं ठेवा. आशाताईंना कळवा आणि डॉक्टरांकडे जीवनसत्त्व अ चे गोवरातले दोन डोस मागा, एक त्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी. ते डोळे आणि जीव दोन्ही वाचवतात.

श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहून घड्याळावर एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालचं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील, उठवूनही नीट जागं होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि लेकरू गेलंच तर?

हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण लिहावं लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. ती मोफत असते. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंदीसाठी माहिती रुग्णालय पाठवतं, घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं असतं. आपल्याला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर असतं. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार त्याची प्रत रुग्णालयानं जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागा. केसपेपरची प्रतही मागा. पाच वर्षांखालचं मूल गेलं तर आशाताईंनी वर कळवायचं आणि त्या मृत्यूची चौकशी व्हायची, अशी सरकारची २०१४ पासूनची कार्यपद्धती आहे. "आमच्या बाळाची चौकशी झाली का?" असं आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

का विचारायचं? गेलेलं लेकरू परत येत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ ते २३ टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. बाकीची माणसं कशानं गेली, ते कागदावर नाही. जे कागदावर नाही, त्यासाठी लस येत नाही, सिस्टर येत नाही, पैसा येत नाही. मग त्या रिकाम्या जागेत अफवा शिरते, आणि अफवेनं घाबरलेली आई पुढच्या बाळाला लसच देत नाही. त्या बैठकीत आम्ही हेच होताना पाहत होतो.

बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरं लहानपणीच गेली. पाचांतले एकटे यशवंत जगले. त्या काळी गोवराची लस नव्हती, न्यूमोनियाचं औषध नव्हतं. रमाईच्या त्या दुःखावर आपण गाणी म्हणतो, डोळे पुसतो. आज लस आहे, औषध आहे, कायदा आहे. तरीही एखादी आई तेच दुःख भोगत असेल, तर नुसते डोळे पुसून भागणार नाही.

आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. महिन्यातून एकदा लसीची पेटी पुन्हा वस्तीत आली पाहिजे, आणि ती कामावरून परतणाऱ्या बायांच्या वेळेला आली पाहिजे, एवढीच मागणी आहे. पहिली सही त्या आईची आहे. जागेचं विचारलं तर विहाराचा हॉल आहे, टेबल आहे, पंखा आहे. तुमच्या वस्तीतही असेल.

येत्या रविवारी वंदनेला येताना पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं कार्ड सोबत आणा. कार्ड नसेल तर लेकराला घेऊन या. ती आईही येणार आहे. कार्डं तपासायला ती आमच्याशेजारी बसणार आहे. कोणता चौकोन आधी पाहायचा, हे तिला आता चांगलं माहीत आहे.

जयभीम.